विजेतून काढलेलं घुमट

आधीच माफी मागतो. शांबाकाकावर लिहायचा अधिकार माझा नाही. संगीतातलं मला फारसं कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही; वडील सुर्ल्याच्या खाणीवर टिपर चालवायचे, आणि घरात पुरवणी यायची ती पावाची पुडी बांधून. या पानावर लिहिणारी माणसं वेगळी असतात, हे मला ठाऊक आहे. काकाबद्दल लिहायला जाणकार हवेत. ज्यांनी त्याच्या कॅसेटी जपून ठेवल्या, जत्रेच्या नाटकात त्याच्या पेटीतली वीज कडाडताना ज्यांनी ऐकली, अशांनी लिहायला हवं होतं. महिनाभर वाट पाहिली. कुणी काही लिहिलं नाही… आणि शेवटच्या तीन दिवसांत काय झालं, ते मी लिहिलं नाही तर कुणीच लिहिणार नाही. म्हणून लिहितो. चुकेल तिथं सांभाळून घ्यावं.

शांबाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा चुलत भाऊ. आमच्या भावकीचं मूळ घर सुर्ल्याला. चवथीचा गणपती त्या एकाच घरात बसतो, दीड दिवसांचा, आणि आम्ही सगळे तिथं जमतो. घरात राहतो आप्पा, काकाचा सख्खा मोठा भाऊ. मी चालायला लागल्यापासून त्या घरात आरतीला जातोय. पण आप्पाला एक भाऊ आहे, तो जिवंत आहे, आणि गोव्यात विजेवरचं संगीत पहिल्यांदा करणाऱ्यांत त्याचं नाव घेतात, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. त्याचं नावच त्या घरात निघत नसे.

कळलं ते माझ्या नडीमुळे. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रोजेक्टला सर्किट करायचं होतं आणि माझं काही केल्या चालेना. बाबांनी दोन दिवस माझी धडपड बघितली आणि तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, “शांबाकडे जा. मोरजीक. तुझ्या मामाच्याच खोलीर रवता तो. पण आप्पाच्या कानार घालू नको.” माझा मामा मोरजीचा, होडीवाला. त्याची जाळी ठेवायची खोली आहे, तिच्या माडीवर काका वीस वर्षं राहत होता, आणि दर सुट्टीत मी त्या जाळ्यांवर लोळलो होतो! वर राहणारा म्हातारा आपला काका आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माडीवर गेलो तर सगळीकडे वायरी. काकानं माझं सर्किट उलटं करून बघितलं.

“ह्या काय? सोल्डर म्हणतत हेका? माका वाटला कावळो शिटलो.”

मी ओशाळून हसलो. त्यानं माझा एकेक सांधा काढून पुन्हा लावायला सांगितलं. चारदा. पाचव्यांदा दिवा लागला तेव्हा म्हणाला, “बरा जाला.” हे त्याचं पालुपद होतं. चहा चांगला झाला, बरा जाला. पाऊस पडून मांडव कोसळला, बरा जाला. त्या दोन शब्दांत खुशी किती आणि दुःख किती, हे ओळखायला मला वर्ष लागलं.

त्याचं मोठं यंत्र खिडकीपाशी असे. ते चालू केलं की लगेच वाजवायचं नाही, हा नियम. आतले भाग गरम होईपर्यंत सूर सरकत राहतात. “तापूं दी आदीं,” तो म्हणायचा, “माणूस तरी उठल्या उठल्या सुरात आसता काय?” मग दहा मिनिटं तो चहा करायचा आणि यंत्रावरचा तांबडा दिवा आमची वाट बघत असायचा. त्या दहा मिनिटांतच त्यानं मला सगळं सांगितलं, थोडं थोडं करून, कित्येक दुपारी.

त्यांचे वडील घुमट वाजवायचे. मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं, दुसरं लहान तोंड उघडं. उजव्या हातानं वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं ते लहान तोंड झाकायचं-उघडायचं. त्यानं आवाज फुगतो, श्वास घेतल्यासारखा. वडील गेल्यावर ते घुमट आप्पाकडे आलं. कातडं सैल पडलं तर उन्हात ठेवतात. चवथीला ऊन कुठलं… मग चुलीजवळ धरतात. काका तेव्हा बाविशीतला, खाणीच्या वर्कशॉपमध्ये नुकताच वायरमन लागलेला. त्यानं शहाणपणा केला. घुमटात लहान तोंडातून दोनशे वॅटचा बल्ब सोडला आणि गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला गेला. तासाभरानं टर्र आवाज आला. कातडं मधोमध फाटलं होतं. नवीन घालायचं तर घोरपड मारायला बंदी आलेली. बकऱ्याचं कातडं घालून बघितलं, पण तो आवाज गेला तो गेलाच.

आप्पा त्याला मारायला धावला नाही. काका म्हणायचा, मारलं असतं तर बरं झालं असतं. भरल्या सोप्यावर आप्पा एवढंच म्हणाला, “बापायच्या घुमटात वीज घातलंस. आता विजेतसून घुमट काडून दाखय, मगेच ह्या सोप्यार चड.”

रागात बोलतात तसं आप्पा बोलला असेल. काकानं ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी तो साखळी गावात गेला, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात राहिला आणि परत कधी सोप्यावर चढला नाही.

पुढचं सगळं त्यातून आलं. मोडक्या रेडिओंचे भाग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून त्यानं पहिलं यंत्र केलं. त्यातून घुमट निघालं नाही, वारा निघाला. जत्रांतल्या नाटकमंडळींना वारा हवाच होता. मग गडगडाट, नागाचा फुत्कार, राक्षसाची एण्ट्री. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ‘शांबाची पेटी’ असली की नाटकाला गर्दी ठरलेली. एकदा राक्षसाच्या एण्ट्रीला त्यानं इतका खोल आवाज सोडला की राक्षस स्वतःच दचकून पुन्हा पडद्याआड गेला. मॅनेजरनं पुढच्या जत्रेला हात जोडले, “शांबा, आज राक्षसाक जरा मायेन भायर काड रे बाबा!”

मग कॅसेटींचे दिवस आले. भजनांच्या मागं, भावगीतांच्या मागं त्याची यंत्रं वाजू लागली. तो दोन वर्षं मुंबईच्या स्टुडिओंतही राहून आला. त्यानं स्वतःची अशी एकच कॅसेट काढली. तिच्यात गाणं नाही. सुर्ल्याच्या खाणीचा दिवस आहे, सगळा यंत्रातून केलेला: क्रशर, उतारावरचे टिपर, नदीतल्या बार्जा, जेवणाचा भोंगा. तेव्हा लोक हसले. म्हणाले, हा आवाज आम्हाला फुकट ऐकू येतो. खाण बंद पडल्यावर मी ती कॅसेट बाबांना ऐकवली. ते ऐकत राहिले, आणि भोंगा वाजला तेव्हा सवयीनं उठून उभे राहिले. मग दारात उभ्या असलेल्या, गंज चढलेल्या टिपरकडे गेले.

मोरजीच्या किनाऱ्यावर शॅक उभे राहिले, तेव्हा तिथल्या पोरांनी आणि परदेशी लोकांनी त्याला शोधून काढलं. त्याच्या आवाजांवर माणसं नाचली. ते आवाज आज कुठं कुठं वाजतात, कुणाच्या नावावर वाजतात, हे मला सांगता येणार नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, “नाचूं दी. घुमट थोडाच आसा ता.” पन्नास वर्षं लोक ज्याला त्याचं काम म्हणत होते ते त्याच्या लेखी चुकत चुकत बाजूला पडलेलं सामान होतं. कासवं अंडी घालायला येतात त्या दिवसांत किनाऱ्यावरचा आवाज बंद होई, तेव्हा तो सगळ्यात खुशीत असे. कानाला हेडफोन लावून पहाटेपासून एकच ठोका, एकच ठोका… “घोरपड वाचली, बरा जाला,” तो एकदा म्हणाला. “पण आवाज मेलो मरे. तो मीच मारलंय.”

या वर्षी त्याला वाट सापडली. इतकी वर्षं तो उजव्या हाताचा ठोका शोधत होता. घुमटाचा जीव डाव्या हातात आहे, हे वाजवणाऱ्याच्या पोटी जन्मून त्याला सत्तरीत कळलं. त्यानं नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली आणि यंत्राच्या बाजूला बसवली. उजव्या हातानं पट्टीवर ठोका द्यायचा, डाव्या तळव्यानं करवंटी दाबायची-सोडायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काका मात्र माझ्याकडे बघतच नव्हता.

“तुका आवडून काय उपेग? तू ता आयकलंसच खंय?” तो म्हणाला. “ता घुमट आयकललो एकच माणूस उरला.”

तो एकच माणूस म्हणजे आप्पा. तेव्हाच ठरलं. चवथीला यंत्र मी न्यायचं. आरतीला घुमटवाल्यांच्या मागं बसून वाजवायचं. कुणाला काही बोलायचं नाही. “त्याचे दोळे गेलेत, कान आसत. कानानच ठरवं दी त्याका. वळखलान तर माका सांग. नाय वळखलान तरी सांग… पण तुझ्या तोंडान सांग.” सुर्ल्यात चवथीला वीज जातेच, म्हणून त्यानं यंत्र गाडीच्या बॅटरीवर चालेल असं केलं होतं. बॅटरी बाबांच्या टिपरची, चार्ज करून घ्यायची.

चवथीच्या आदल्या दिवशी, तयेच्या सकाळी, मी यंत्र न्यायला गेलो. त्या सकाळबद्दल मला लिहायलाच हवं, आणि हात चालत नाही. काका घामानं भिजला होता. पंखा चालू होता तरी. डावा हात सारखा छातीवर जात होता. मी विचारलं, “काका, बरा नाय काय?”

“गॅस आसा. काल सोलकडी चड पियालंय.”

“डॉक्टराकडे जाऊया मरे. मामाक हाक मारतंय.”

“आणि बस कोण धरतलो? म्हापशाक बदलूची, डिचोलीक बदलूची. जा तू! यंत्र मांडयेर घे, पायाकडे ठेवू नको.”

मी गेलो. जिन्यावरून वळून बघितलं तर तो सोल्डरिंग आयर्न तापत ठेवत होता, एक जुना रेडिओ पुढं ओढून. मी बस धरली. मला शिकलेला म्हणतात. घाम आणि छातीवरचा हात म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं… आणि मी बस धरली.

चवथीच्या दुपारी मोठी आरती. बाहेर पाऊस, आत धूप, शामेळाचा ठोका, कासाळ्यांच्या झांजा, आणि दोन पोरं बकऱ्याच्या कातड्याचं घुमट बडवताहेत. आप्पा गणपतीसमोर खुर्चीत, मान खाली. मी भिंतीला टेकून, गुडघ्यांवर चादर, चादरीखाली यंत्र आणि टिपरची बॅटरी. दहा मिनिटं आधीच चालू केलं होतं. तापू दिलं होतं. पहिल्या दोन आरत्या माझा हातच उठला नाही. तिसरीला धीर करून वाजवू लागलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. आप्पाची मान तशीच.

मग वीज गेली. माळा विझल्या, माईक गेला, पंखे थांबले. पोरं गोंधळून क्षणभर थांबली. मी थांबलो नाही. थांबायचं नाही, असं काकानं बजावलं होतं. अंधारलेल्या सोप्यात समईचा उजेड, चादरीतून दिसणारा तांबडा दिवा आणि ते एकच घुमट. आप्पानं मान वर केली. दोन्ही हात खुर्चीवरून उचलले, आणि उजव्या हातानं हवेतच ठोका धरला. डावा तळवा उघडत, झाकत.

आरती संपल्यावर तो म्हणाला, “बापायचा घुमट खंयसून इला?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आप्पा, शांबाकाकान केला. विजेतसून.”

मला वाटलं, आता आप्पा यंत्र उचलून बाहेर फेकायला लावेल. मग त्यानं चाचपत माझा खांदा धरला. “त्याका सांग,” तो म्हणाला, “येव दी म्हण. चवथीक घराक येव दी.”

मी फोन घेऊन धावलोच. घरात रेंज येत नाही, अंगणाच्या टोकाला फणसाखाली येते. तिथं मामा उभा होता. दरवर्षी तो आमच्याकडे चवथीला येतो तसा त्याच सकाळी आला होता. धापा टाकत मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. “तू जा, थंय तुका फुडल्या आरत्येक सोदतत. मी सांगतंय त्याका.” मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं. पण आतून हाका येत होत्या. थोड्या वेळानं मामा सोप्यावर आला. त्यानं फोन माझ्या हातात दिला.

“सांगलंय. ‘बरा जाला’ म्हणता.”

“आणि? येता?”

मामानं आप्पाकडे बघितलं. “येतलो म्हणता. फाल्या.”

ते दोन शब्द काकाचेच होते. मला शंका कशी येणार? त्या दुपारी मी जितका सुखात होतो तितका पुन्हा कधी असेन, असं वाटत नाही. संध्याकाळी स्वतः फोन लावला तर बंद. मामा म्हणाला, चार्जिंग संपलं असेल. दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळीच धुतलेलं धोतर नेसून सोप्यावर बसला. शांबासाठी पातोळ्या झाकून ठेवायला लावल्या. गाडीचा आवाज आला की विचारायचा, “शांबा इलो?” जेवणं झाली. उत्तरपूजा झाली. “पावसान बस चुकली आसतली,” तो स्वतःशीच म्हणाला.

मला हा लेख इथंच थांबवावासा वाटतो. आप्पा सोप्यावर बसलाय, पातोळ्या झाकलेल्या आहेत, आणि काका बसमध्ये आहे. पण ते खोटं होईल, आणि खोटं पुरेसं झालं आहे.

यंत्र आता माझ्या खोलीत आहे. मी रोज ते चालू करतो आणि दहा मिनिटं थांबतो. चहा करत नाही. तांबडा दिवा माझ्याकडे बघत असतो. करवंटीवर काकाच्या तळव्याचा घाम मुरून काळा डाग पडलाय. माझा तळवा त्यावर बसत नाही, माझा हात लहान आहे. दहा मिनिटं झाली की मी बंद करतो. वाजवून कुणाला सांगू?

एक रीत सांगायला हवी, कारण सगळ्यांकडे ती नसेल. भावकीत कुणी गेलं की सुतक, आणि सुतकात गणपती पुजत नाहीत. पण सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर. म्हणून चवथीच्या तोंडावर कुणी गेलं, तर आमच्यात ती बातमी भावकीबाहेरच्या माणसाकडे ठेवतात. तो ती पोटात ठेवून तुमच्यासोबत जेवतो, आरतीला टाळ्या वाजवतो, आणि विसर्जन झाल्यावर सांगतो. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. मामा भावकीबाहेरचा आहे, हेही माहीत होतं. तरी दीड दिवस माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दिवेलागणीला ओहळावर विसर्जन झालं. सगळे पाट घेऊन वर निघाले. मामानं मला आणि बाबांना मागं थांबवलं. तो पाण्यात उतरून हात धूत राहिला, उगाचच, पुन्हा पुन्हा.

“आता सांगूक हरकत ना,” तो म्हणाला. “शांबा गेलो. तयेच्याच दिसा. तुझी बस म्हापशाक पावली नसतली… मी वर गेलंय तर टेबलार मान टाकललो. सोल्डराचा आयर्न गरम होता अजून. हॉस्पिटलात ठेवलंय त्याका, शीतपेटीत. फाल्या सकाळी घराक हाडतले.”

बाबा ओल्या दगडावर खाली बसले.

“मगे ‘बरा जाला’ कोण म्हणालो?” मी विचारलं.

मामानं वर बघितलं नाही. “तोच म्हणाललो,” तो म्हणाला. “आठ दिसांआदीं. माका काय जाला तर इसर्जनाआदीं सांगू नको, नाय तर घुमट वाजूचा नाय, म्हणालो. मी हुंकार दिलंय, तेव्हा म्हणालो, बरा जाला.”

हे खरं असेल. आदल्या दिवशी फणसाखालून येऊन ज्यानं मला सांगितलं, तोच माणूस हे सांगत होता. विश्वास ठेवायचा की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी वर आलो. सोप्यावर दिवा लागला होता. आप्पा अजून तिथंच होता, पातोळ्यांचं ताट मांडीजवळ घेऊन. माझी पावलं ऐकून त्यानं मान वळवली.

“शांबा इलो काय रे?”

मागून येणारी माणसं पायरीवरच थांबली. सांगायचं कुणी, हे कुणालाच कळेना. तुझ्या तोंडान सांग, असं काका म्हणाला होता.

“नाय आप्पा,” मी म्हटलं. “शांबाकाका तयेच्या दिसाच गेलो. तू येव दी म्हणालंस, ता त्याका पावलाच नाय.”